२९ ऑगस्ट १७९३: मुक्तीचे एक कलम आणि कामाची बाकीची कलमे

२९ ऑगस्ट १७९३ या एकाच तारखेचे दोन कागद हैतीच्या इतिहासात सापडतात. पहिला कागद ल काप या बंदराच्या शहरात निघाला. फ्रेंच प्रजासत्ताकाचा आयुक्त लेजे-फेलिसिते साँतोनाक्स याने त्याद्वारे सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैती, या वसाहतीच्या उत्तर प्रांतातील सर्व गुलामांना स्वतंत्र जाहीर केले. दुसरा कागद त्युरेल छावणीतून निघाला. तो काढणारा माणूस, गुलामांच्या उठावातील एक सेनानी, त्या वेळी स्पेनच्या राजाच्या चाकरीत होता, म्हणजे साँतोनाक्सचा शत्रू होता. ‘बंधूंनो आणि मित्रांनो, मी तुसँ लुव्हेर्त्युर, माझे नाव कदाचित तुमच्या कानावर आले असेल,’ अशी स्वतःची ओळख करून देऊन त्याने सँ-दोमँगमध्ये स्वातंत्र्य आणि समता नांदावी अशी इच्छा व्यक्त केली. एकाच दिवशी, परस्परविरोधी झेंड्यांखाली, दोघेही जवळपास एकच शब्द उच्चारत होते.

हा अभ्यास पहिल्या कागदाचा आहे. त्याविषयी नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की गुलामांना स्वातंत्र्य नेमके कोणी दिले: साँतोनाक्सच्या लेखणीने, की दोन वर्षे हाती शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या गुलामांनी? या प्रश्नावर बरीच शाई खर्च झाली आहे आणि त्यात तथ्य नाही असे मला म्हणायचे नाही. परंतु जाहीरनाम्याची अडतीस कलमे एकामागून एक वाचत गेल्यावर माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. मुक्ती देणारे कलम त्यात जवळजवळ एकच आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक कलमे मुक्त झालेल्या माणसाने कोठे राहावे, किती काम करावे, त्याला किती वाटा मिळावा आणि काम न केल्यास काय व्हावे यांविषयी आहेत. हा तोल असा का पडला, आणि ज्यांच्यासाठी हा कागद काढला त्यांनी तो कसा वाचला, हे येथे पाहायचे आहे.

मळ्यावरची व्यवस्था

आजचा हैती म्हणजे हिस्पानिओला बेटाचा पश्चिमेकडील एक तृतीयांश भाग. १६९७ च्या रिस्विकच्या तहानंतर त्यावर फ्रान्सचा ताबा मान्य झाला. १७८९ च्या सुमारास तेथे पाच लाखांच्या आसपास गुलाम, तीस हजारांच्या घरात गोरे आणि जवळजवळ तितकेच स्वतंत्र कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय लोक राहत होते. युरोपात येणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एका वसाहतीतून जात असे. मळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत, त्यामुळे माणसांची भर सतत आफ्रिकेतून जहाजांनी घालावी लागे. परिणामी गुलामांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आफ्रिकेत जन्मलेली होती आणि त्यांतील पुष्कळांनी काँगो राज्यातील यादवी युद्धे डोळ्यांनी पाहिलेली होती. कायद्याच्या नावाखाली १६८५ ची ‘कोड न्वार’ म्हणजे काळी संहिता लागू होती, आणि तिच्यातील जी काही कलमे गुलामाच्या बाजूची होती ती मालक पाळत नसत.

पुढील विवेचनासाठी मळ्यावरच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे मुकादम. तो स्वतःही बहुधा गुलामच असे, पण चाबूक त्याच्या हातात असे आणि कामाची लय तोच ठरवत असे. दुसरी म्हणजे मळ्याच्या कडेचा किंवा टेकडीच्या उताराचा जमिनीचा तुकडा, ज्यावर गुलाम स्वतःच्या पोटापुरते कसावा, रताळी आणि केळी पिकवत. मालकाचा धान्याचा खर्च वाचावा म्हणून ही सवलत दिलेली असली, तरी त्यातून उरलेला माल रविवारच्या बाजारात विकून चार पैसे हाती येत. तिसरी गोष्ट म्हणजे आठवड्याचा हिशेब. रविवार आपला, बाकीचे दिवस मालकाचे. आणि गाळपाच्या हंगामात तर रात्रही मालकाचीच.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानात गुलामांचा उठाव झाला तेव्हा मळ्यांवर एक अफवा पसरलेली होती. राजाने गुलामांना आठवड्यातून तीन दिवस मोकळे दिले आहेत आणि चाबूक बंद केला आहे, पण येथले गोरे तो हुकूम दडवून ठेवत आहेत, अशी ती अफवा. असा हुकूम अस्तित्वातच नव्हता. तरीही इतिहासाच्या दृष्टीने ही अफवा मोलाची आहे, कारण स्वातंत्र्य हा अमूर्त शब्द शेतात राबणाऱ्या माणसाच्या मापात उतरवला की तो कसा दिसतो, हे तिच्यातून कळते: चाबूक नको आणि आठवड्याचे तीन दिवस आपल्या वाडीसाठी हवेत. उठावाच्या पुढाऱ्यांची मापे काही वेळा याहून आखूड होती. १७९१ च्या अखेरीस झाँ-फ्राँस्वा आणि बियासू यांनी तडजोडीची बोलणी केली तेव्हा काही शे सरदारांच्या मुक्तीवर, आणि नंतर त्याहूनही कमी माणसांच्या मुक्तीवर, उठाव मिटवण्याची त्यांची तयारी होती. वसाहतीच्या विधानसभेने तेवढेही नाकारले, आणि त्या हटवादीपणाने मळेवाल्यांनी स्वतःचे किती नुकसान करून घेतले याचा हिशेब पुढे त्यांनाच करावा लागला.

आयुक्त आणि त्याची कोंडी

साँतोनाक्स आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी एत्येन पोलव्हरेल, दोघेही वकील, सप्टेंबर १७९२ मध्ये ल कापला उतरले. त्यांच्यासोबत आयो नावाचा तिसरा आयुक्तही होता. तो लवकरच परत गेला आणि या कथेतून बाहेर पडला. ४ एप्रिल १७९२ च्या कायद्याने स्वतंत्र मिश्रवर्णीय आणि कृष्णवर्णीय नागरिकांना समान राजकीय हक्क मिळाले होते, आणि तो कायदा अमलात आणणे हे आयुक्तांचे काम होते. गुलामगिरीला हात लावणे त्यांच्या कामात नव्हते. उलट, वसाहतीच्या समृद्धीसाठी गुलामगिरी आवश्यक आहे, आपण येथे फक्त दोनच वर्ग ओळखतो, स्वतंत्र आणि गुलाम, असे त्यांनी आल्या आल्या जाहीर केले. साँतोनाक्सच्या मनात आधीपासून वेगळे विचार होते की नाही यावर चरित्रकारांत मतभेद आहेत; त्याच्या जाहीर कृतींवरून मात्र पहिल्या वर्षात तरी तो कायद्याच्या चौकटीतच चालत होता असे म्हणावे लागते. मे १७९३ मध्ये त्याने आणि पोलव्हरेलने काळ्या संहितेतील मालकांना आवर घालणारी कलमे फ्रेंचमध्ये आणि क्रेओलमध्येही पुन्हा प्रसिद्ध केली. गुलामाला समजेल अशा भाषेत सरकारी कागद काढण्याची ही सवय पुढे महत्त्वाची ठरली.

कोंडी बाहेरून आली. २१ जानेवारी १७९३ ला पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, १ फेब्रुवारीला फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि मार्चमध्ये स्पेनही शत्रुपक्षात गेला. बेटाच्या पूर्वेकडील भागात स्पेनचे राज्य होते. तेथल्या अधिकाऱ्यांनी बंडखोर सेनानींना पदे, पैसा आणि त्यांच्या सैनिकांना मुक्ती देऊ केली. झाँ-फ्राँस्वा, बियासू आणि तुसँ हे तिघेही तिकडे गेले. पश्चिमेकडे जमैकात ब्रिटिशांची तयारी चालू होती आणि फ्रेंच मळेवाल्यांपैकी कित्येकांना आपली मालमत्ता वाचवण्यासाठी ब्रिटिश झेंडाच बरा वाटत होता. युरोपातून आणलेले फ्रेंच सैनिक तापाने मरत होते. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला माणसे उरली नव्हती, आणि बेटावर लढू शकणारी जी माणसे होती ती गुलाम होती.

मे महिन्यात गालबो हा नवा गव्हर्नर आला. त्याच्या कुटुंबाची मालमत्ता वसाहतीतच होती आणि आयुक्तांचे वर्चस्व त्याला मान्य नव्हते. आयुक्तांनी १३ जूनला त्याला पदावरून दूर करून जहाजावर बसवले. बंदरात नांगरलेल्या ताफ्यातील खलाशी आणि हद्दपारीसाठी जहाजांवर ठेवलेले कैदी त्याला मिळाले, आणि २० जूनला त्यांनी शहरावर हल्ला केला. आयुक्तांना शहर सोडून ओ-द्यु-कापकडे माघार घ्यावी लागली. २१ जूनला त्यांनी जाहीर केले की जे कृष्णवर्णीय योद्धे प्रजासत्ताकाच्या बाजूने, आतल्या किंवा बाहेरच्या शत्रूंविरुद्ध लढतील, ते स्वतंत्र होतील. शहराबाहेर तळ ठोकून असलेल्या पिएरो आणि माकाया यांच्या टोळ्या शहरात शिरल्या. गालबोचा पराभव झाला, शहर जळाले, आणि सुमारे दहा हजार माणसे ताफ्यासोबत अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघून गेली. वसाहतीतील सर्वांत श्रीमंत शहराच्या जागी राख उरली, आणि त्या राखेवर आयुक्तांची सत्ता टिकली ती कालपर्यंत ज्यांना ते बंडखोर म्हणत होते त्यांच्या जोरावर.

येथे थोडे थांबून माकायाची गोष्ट सांगणे भाग आहे. झाँ-फ्राँस्वा आणि बियासू यांना वळवून आणण्यासाठी आयुक्तांनी त्याला पाठवले, तर तो स्वतःच तिकडे राहिला. परत बोलावल्यावर त्याने दिलेले उत्तर नोंदलेले आहे: आपण तीन राजांची प्रजा आहोत, सर्व काळ्या माणसांचा स्वामी असलेल्या काँगोच्या राजाची, वडिलांच्या ठिकाणी असलेल्या फ्रान्सच्या राजाची आणि आईच्या ठिकाणी असलेल्या स्पेनच्या राजाची. पुष्कळ काळ हे उत्तर भाबडेपणाचा नमुना म्हणून उद्धृत होत आले. जॉन थॉर्नटन यांनी काँगोच्या राजकीय परंपरेचा आधार घेऊन दाखवले, की राजाची सत्ता कशी असावी आणि तिला मर्यादा कोणत्या, याविषयी काँगोमध्ये स्वतःचे वाद होते आणि तेथून आलेली माणसे त्या वादांची भाषा सोबत घेऊन आली होती. पॅरिसच्या शब्दांत न बोलणारा माणूस विचारच करत नव्हता, असे मानण्याची सवय या संशोधनानंतर तरी सुटायला हवी होती.

२१ जूनच्या आश्वासनाने एक नवाच पेच उभा केला. लढणारा पुरुष मुक्त झाला; मग त्याची बायको आणि मुले? ११ जुलैला आयुक्तांनी मुक्त सैनिकाशी प्रजासत्ताकाच्या रीतीने विवाह करणाऱ्या स्त्रीला मुक्ती देण्याची तरतूद केली, आणि मालकाला भरपाई देण्याचे ठरवले. म्हणजे पुरुषाला स्वातंत्र्य बंदुकीतून आणि बाईला लग्नातून, अशी ती वाटणी होती. ती फार दिवस टिकणारी नव्हती. २४ ऑगस्टला ल कापमध्ये मोठी जाहीर सभा भरली आणि तिने उत्तर प्रांतातील सर्व गुलामांच्या मुक्तीच्या बाजूने कौल दिला. पाच दिवसांनी जाहीरनामा निघाला. पोलव्हरेल त्या वेळी पश्चिम प्रांतात होता. त्याला न विचारता हे पाऊल उचलले गेल्याचे त्याला रुचले नाही, कारण मालक सोडून गेलेल्या मळ्यांवर योद्धे आणि कामकरी यांचा सामाईक हक्क मानावा अशी त्याची स्वतःची वेगळी योजना तयार होती आणि २७ ऑगस्टला तिचा पहिला भाग त्याने जाहीरही केला होता.

अडतीस कलमे

जाहीरनाम्याचे पहिले वाक्य माणसे स्वतंत्र आणि समान हक्कांची म्हणून जन्मतात असे सांगते, आणि हीच फ्रान्सची गॉस्पेल, म्हणजे पवित्र शुभवार्ता, आहे अशी त्याला जोड देते. पहिल्या कलमात मानवी हक्कांची सनद छापून सर्वत्र लावण्याचा हुकूम आहे. दुसऱ्या कलमात सध्या गुलामीत असलेल्या सर्व कृष्णवर्णीय आणि मिश्र रक्ताच्या माणसांना स्वतंत्र जाहीर करून फ्रेंच नागरिकत्वाचे सर्व हक्क दिले आहेत. पण वाक्य तेथे थांबत नाही. पुढील कलमांत सांगितलेल्या व्यवस्थेच्या अधीन राहून, अशी पुस्ती त्याच कलमात आहे.

ही व्यवस्था नवव्या कलमापासून उलगडू लागते. आपल्या पूर्वीच्या मालकांच्या मळ्यांवर असलेल्या माणसांनी तेथेच राहायचे आहे आणि जमिनीच्या मशागतीचे काम करायचे आहे. करार एका वर्षाचा. मळा बदलायचा असेल तर न्यायाधिकाऱ्याची परवानगी हवी. कर वजा जाता उत्पन्नाचे तीन समान भाग करायचे: एक जमिनीच्या मालकाचा, एक मळा चालवण्याच्या खर्चाचा आणि एक कामकऱ्यांचा. कामकऱ्यांच्या या तिसऱ्या भागात पुन्हा पायऱ्या आहेत. मुख्य मुकादमाला तीन हिस्से, दुय्यम मुकादमाला दोन, पंधरा वर्षांवरील पुरुषाला एक, त्याच वयाच्या स्त्रीला दोन तृतीयांश आणि दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना अर्धा. सात महिन्यांच्या गरोदर बाईने शेतात जाऊ नये आणि बाळंतपणानंतर दोन महिने तिला काम नसावे, असेही एक कलम आहे. मुकादमाचे जुने फ्रेंच नाव ‘कोमाँदर’, म्हणजे हुकूम देणारा, काढून ‘काँद्युक्तर’, म्हणजे सोबत नेणारा, असे ठेवले. माणूस बहुधा तोच राहिला.

चाबकाची शिक्षा पूर्णपणे रद्द केली आहे. तिच्या जागी खोडा आला, एक ते तीन दिवसांचा. आणि त्याशिवाय वाट्यातून कपात. जाहीरनाम्यानंतर पंधरा दिवसांत ज्या माणसांकडे मालमत्ता नाही आणि जी सैन्यात, शेतात किंवा घरकामात नाहीत, त्यांना अटक करून तुरुंगात टाकण्याची तरतूद आहे. प्रस्तावनेत साँतोनाक्स नव्या नागरिकांना बजावतो, की स्वातंत्र्य म्हणजे आळस असे समजू नका; फ्रान्समध्ये सगळेच स्वतंत्र आहेत आणि सगळेच काम करतात. शेवटच्या, अडतिसाव्या कलमात काळ्या संहितेच्या तरतुदी ‘तूर्तास’ रद्द झाल्याचे म्हटले आहे. सव्वाशे कोस दूर नव्हे, समुद्रापलीकडे असलेल्या राष्ट्रीय संसदेची मंजुरी मिळालेली नसताना एका आयुक्ताला यापेक्षा ठाम क्रियाविशेषण वापरता आले नसते हे मान्य केले, तरी आयुष्यभर त्या संहितेखाली जगलेल्या माणसाच्या कानाला ‘तूर्तास’ हा शब्द कसा लागला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

हा सारा कागद ढोंगाचा होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो न्याय्य वाटत नाही. साँतोनाक्ससमोर लढाई होती, सैन्याला पोसायचे होते, आणि वसाहतीचा सारा महसूल ऊस व कॉफीत होता. मजुरीऐवजी वाटा, कराराची मुदत, चाबकाला बंदी, बाळंतिणीला विश्रांती: १७९३ मध्ये या गोष्टी कोणत्याही साखर वसाहतीत नव्हत्या. पण मळा मोडून त्याच्या जागी लहान शेतकऱ्यांची वाडी उभी राहू शकते, हा विचार त्या कागदाच्या चौकटीत बसतच नव्हता. मळा हा गृहीत होता. स्वातंत्र्य त्याच्या आत कोठे बसवायचे एवढाच प्रश्न होता.

कागद आणि शेत

सरकारी नियमांविषयी एक गोष्ट जुन्या दफ्तरांत वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते: लोक जे करत नाहीत त्याला बंदी घालण्याची तसदी कोणी घेत नाही. मळा सोडू नका, भटकू नका, परवानगीशिवाय मळा बदलू नका, ही कलमे म्हणजे उन्हाळ्यात माणसे काय करत होती याची नोंदच आहे. ती मळे सोडत होती, नातेवाइकांना शोधत जात होती, आणि कमी जाचाच्या मळ्यावर आपली सोय लावत होती. गुलामांनी स्वतः लिहिलेले कागद फार थोडे आहेत. आयुक्तांची कागदपत्रे मात्र फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डी पंचवीस’ या मालेत मोठ्या संख्येने जपलेली आहेत. जे राबले त्यांचा आवाज ऐकायचा तर त्यांना आवर घालू पाहणाऱ्यांचे नियम उलटे वाचावे लागतात.

पोलव्हरेलने ३१ ऑक्टोबर १७९३ पर्यंत पश्चिम आणि दक्षिण प्रांतांतही मुक्ती जाहीर केली, आणि तेथील मळ्यांसाठी त्याने केलेली व्यवस्था अधिक बारकाईची होती. आठवड्यातून सहा दिवस काम करायचे की पाच, हे कामकऱ्यांनी ठरवावे, पण पाच दिवस निवडल्यास त्यांचा वाटा कमी होईल, असे त्याने सुचवले. कॅरोलिन फिक यांनी दक्षिण प्रांताच्या कागदपत्रांतून दाखवले आहे, की अनेक मळ्यांवर लोकांनी शनिवारही स्वतःकडे घेतला, मळ्याच्या जनावरांचा आणि जमिनीचा वापर आपल्या वाडीसाठी केला, आणि नको असलेल्या मुकादमाला जुमानले नाही. १७९१ च्या अफवेतले तीन दिवस आणि १७९४ मधला शनिवार यांत मला एक सरळ रेघ दिसते. पोलव्हरेलच्या हिशेबात मोकळा दिवस म्हणजे गमावलेली कमाई होती. कामकऱ्याच्या हिशेबात तो कमाईचाच दिवस होता. फक्त ती कमाई साखरेच्या वहीत चढत नव्हती.

दरम्यान कागदाचे राजकीय जीवन वेगळ्याच वाटेने गेले. सप्टेंबर १७९३ मध्ये ब्रिटिश सैन्य जेरेमी आणि मोल सँ-निकोला येथे उतरले, तेथील मळेवाल्यांनी त्याचे स्वागत केले आणि ब्रिटिशांच्या ताब्यातील भागात गुलामगिरी चालू राहिली. त्याच महिन्यात उत्तर प्रांताने पॅरिसला प्रतिनिधी निवडून दिले. त्यांतले तिघे प्रथम पोहोचले: गोरा द्युफे, मिश्रवर्णीय मिल्स आणि स्वतः गुलामीतून सुटलेला, आफ्रिकेत जन्मलेला झाँ-बातिस्त बेले. मळेवाल्यांच्या हस्तकांनी त्यांना अटकही करवली. तरीही ३ फेब्रुवारी १७९४ ला ते राष्ट्रीय संसदेत बसले, आणि दुसऱ्या दिवशी द्युफेच्या प्रदीर्घ भाषणानंतर संसदेने सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, मालकांना कोणतीही भरपाई न देता. संसदेचा तो ठराव अवघ्या काही ओळींचा आहे. त्यात वाटे नाहीत, खोडा नाही, भटकण्याला बंदी नाही. समुद्राच्या त्या तीरावर, पॅरिसमध्ये, तत्त्व लिहिणे सोपे होते. कामाचे तपशील ज्याला रोज सोडवावे लागत होते त्याचा कागद लांबला.

हा ठराव हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांनी मात्र मानला नाही. १७९६ मध्ये तो अमलात आणण्यासाठी मॉरिशसला, म्हणजे तेव्हाच्या इल द फ्रान्सला, आलेल्या सरकारी दूतांना तेथील मळेवाल्यांनी परत पाठवले. तेथे गुलामगिरी पुढे ब्रिटिश अमलात १८३५ मध्ये संपली, आणि तिच्यामागोमाग करारबद्ध मजूर आणण्याची पद्धत सुरू झाली. रत्नागिरी आणि साताऱ्याकडून तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचे पूर्वजही त्याच पद्धतीने ऊसमळ्यांवर पोहोचले. वर्षांचा करार, मळा सोडण्यास मनाई, विनापरवाना फिरणाऱ्याला अटक, ही कलमे त्यांच्या वंशजांना अनोळखी वाटणार नाहीत.

सँ-दोमँगमध्ये मे १७९४ च्या सुमारास तुसँ स्पेनला सोडून प्रजासत्ताकाकडे आला, आणि त्याच उन्हाळ्यात साँतोनाक्स व पोलव्हरेल यांना मायदेशी बोलावले गेले. पुढे तुसँ वसाहतीचा सर्वेसर्वा झाल्यावर त्यानेही मळाच धरून ठेवला. ऑक्टोबर १८०० च्या त्याच्या हुकूमनाम्यात शेतकाम लष्करी शिस्तीखाली आले, आणि १८०१ च्या घटनेत गुलामगिरी कायमची नाहीशी झाल्याचे सांगून लगेच मळा हे एक कुटुंब आणि मालक हा त्याचा बाप अशी मांडणी केली. त्याच वर्षी उत्तरेत या व्यवस्थेविरुद्ध उठाव झाला तेव्हा त्याचा ठपका आपल्याच पुतण्यावर, सेनापती मोईझवर, ठेवून तुसँने त्याला गोळ्या घालवल्या. ‘तूर्तास’ या शब्दाची भीतीही खरी ठरली: मे १८०२ मध्ये बोनापार्टच्या सरकारने गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली, तुसँ ७ एप्रिल १८०३ ला फ्रान्सच्या थंड किल्ल्यात मेला, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाल्यानंतरही १८२६ मध्ये अध्यक्ष बोयेच्या ग्रामीण संहितेने कामकऱ्यांना पुन्हा मळ्याशी बांधण्याचा प्रयत्न केला.

अभ्यासकांचे वाचन

समकालीन चौकशीसाठी फ्रेंच संसदेच्या वतीने गाराँ-कूलाँ यांनी लिहिलेला चार खंडांचा अहवाल आजही आधारभूत मानला जातो. त्यात आयुक्तांची बाजू सहानुभूतीने मांडलेली आहे. १९३८ मध्ये सी. एल. आर. जेम्स यांनी पॅरिसची गर्दी आणि सँ-दोमँगचे गुलाम यांची कथा एकत्र गुंफली, आणि तेव्हापासून या क्रांतीला फ्रेंच क्रांतीची तळटीप म्हणणे अवघड झाले. पण त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी तुसँ आहे. १९९० मध्ये फिक यांनी केंद्र हलवून शेतातील माणसाकडे नेले. १९९५ मध्ये मिशेल-रोल्फ त्रुयो यांनी विचारले, की गुलाम स्वतःहून क्रांती करू शकतात ही गोष्ट तत्कालीन युरोपीय मनाला विचारातच आणता येत नसेल, तर तिच्या नोंदी दफ्तरांत कशा पडणार? २०१० मध्ये जेरेमी पॉपकिन यांनी सारा भर २० जून १७९३ च्या दिवसावर दिला: गालबोचे बंड झाले नसते, तर आयुक्तांनी मुक्तीचा शब्द त्या उन्हाळ्यात उच्चारलाच नसता.

पॉपकिन यांचे म्हणणे तारखेपुरते मला पटते. ऑगस्टच का, ल कापच का, याचे उत्तर त्या दिवसात आहे. परंतु कलमे अशीच का, हे त्यांच्या मांडणीतून समजत नाही. त्यासाठी दोन वर्षांत मळ्यांवर काय घडत गेले ते पाहावे लागते, आणि तेथे फिक यांचा हात धरावा लागतो. हैतीचे समाजशास्त्रज्ञ झाँ काझिमिर यांनी स्वातंत्र्योत्तर शेतकऱ्यांच्या जीवनाला मळ्याच्या विरुद्ध उभी राहिलेली व्यवस्था म्हटले आहे: लहान वाडी, एकाच अंगणाभोवतीची नातलगांची घरे, बाजार चालवणाऱ्या बायका. साँतोनाक्सच्या कागदाने या व्यवस्थेला बंदी घातली होती, आणि तरीही तीच टिकली.

बायकांचा उल्लेख आला आहे, तर दोन तृतीयांश हिस्स्याचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. शेतात पुरुषाबरोबरीने राबणाऱ्या, आणि गाळपाच्या रात्री जागणाऱ्या बायकांनी समान वाटा मागितला. ही मागणी त्यांच्या स्वतःच्या कागदात आपल्यापर्यंत आलेली नाही. ती पोहोचली पोलव्हरेलच्या फेब्रुवारी १७९४ च्या नियमावलीमुळे, कारण तेथे त्याने तिचे खंडन केले आहे. स्त्रीची शक्ती कमी, गरोदरपण आणि अंगावर पाजण्यामुळे तिचे दिवस कमी, असा युक्तिवाद करून तो शेवटी पुरुषांकडे वळतो आणि त्यांना सांगतो, की बायकांच्या या अवाजवी मागण्या मालकाविरुद्ध नाहीत, त्यांच्या पुरुषांविरुद्ध आहेत, कारण कामकऱ्यांचा वाटा तेवढाच राहणार आणि बाईला जे जास्त मिळेल ते पुरुषाच्या हिश्शातून जाईल. हिस्सा दोन तृतीयांशच राहिला.